भुताटकीच्या जागेचा तपास कसा करावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या शंका

या वाटेला नव्याने आलेल्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. कुठलं मीटर घ्यायचं, अमावास्याच गाठायची का, आवाज रेकॉर्ड कसा करायचा, भीती वाटली तर काय करायचं? प्रश्न रास्त आहेत. पण सगळं काम ज्याच्यावर उभं असतं तो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: ज्याला अनुभव आला त्याने नेमकं काय पाहिलं, काय ऐकलं, किती वाजता, कुठे उभं राहून? ‘त्या घरात भूत आहे का’ याचं उत्तर एका रात्रीत कुणालाच मिळत नाही. ‘त्या घरात रात्री दोनला माळ्यावर कोण चालतं’ याचं मिळू शकतं. तपास करायचा तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

जागा कोणती घ्यावी?

पहिल्या कामाला प्रसिद्ध जागा घेऊ नका. पुण्याचा शनिवारवाडाच बघा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, हा इतिहास. अमावास्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही त्यावर चढलेली कथा. कुणी अमावास्या सांगतो, कुणी पौर्णिमा. खून गणेशोत्सवाच्या दिवसांत झाला, म्हणजे शुक्ल पक्षात, आणि तोही दिवसाउजेडी. मग हाक अमावास्येच्या रात्रीच का ऐकू यावी, याचं उत्तर कथेत नाही. त्यात १८२८ च्या आगीत आतला वाडा जळून गेला. आज उभे आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांतून नारायणराव जीव घेऊन पळाले ती दालनंच उरलेली नाहीत, आणि तटाला लागून शहराची रहदारी आहे. तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये काही सापडलं तरी त्यावरून काय ठरवणार?

राजस्थानातल्या भानगढचंही तसंच. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद असल्याची पुरातत्त्व खात्याची पाटी लोक ‘सरकारची कबुली’ म्हणून दाखवतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांत, वेगळी वेळ ठरवलेली नसेल तर स्मारक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच उघडं ठेवायचं, असं सरळ लिहिलेलं आहे. पाटी त्या नियमाची आहे.

ओळखीतल्या कुणाचं घर घ्या, जिथे तीन-चार वेळा जाता येईल, दिवसा-रात्री दोन्ही वेळा थांबता येईल आणि अनुभव आलेली माणसं समोर बसून बोलतील. सुरुवातीला आपल्याच गावच्या घराइतकी सोयीची जागा नाही.

मालकाची परवानगी लेखी घ्या. पडका बंगला किंवा बंद गिरणी ओसाड दिसली तरी तिला मालक असतो, आणि परवानगीशिवाय आत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकतो. गावात काम असेल तर पोलीस पाटलांच्या कानावर आधी घाला. रात्री टॉर्च घेऊन फिरणारी अनोळखी माणसं गावाला चोर वाटतात, आणि जमाव गोळा झाल्यावर समजावून सांगायला वेळ मिळत नाही. भुताच्या नावाखाली होणाऱ्या अपघातांत मी सर्वांत जास्त याला भितो.

माणसांशी बोलायचं कसं?

निम्मा तपास इथेच होतो, म्हणून घाई करू नका. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोला. सगळे एकत्र बसले की पंधरा मिनिटांत सगळ्यांचा अनुभव सारखा होतो. आजोबा बोलले की नातू त्यात भर घालतो आणि महिन्याभराने ते नातवाने स्वतः पाहिलेलं असतं. यात कुणी खोटं बोलत नसतं, आठवणीचा स्वभावच तसा आहे.

उत्तर तोंडात ठेवणारा प्रश्न विचारू नका. ‘पांढऱ्या साडीतली बाई दिसली का?’ असं विचारलंत की अनुभवात साडी शिरलीच. ‘काय दिसलं? आधी काय करत होतात? पुढे काय झालं?’ एवढं पुरे. माणूस जे शब्द वापरेल तेच वहीत लिहा. तो मुंजा म्हणाला तर मुंजा लिहा, चकवा म्हणाला तर चकवा, नुसतं ‘कायतरी’ म्हणाला तर ‘कायतरी’. मग वेळ, तारीख, पाऊस होता का, लाइट गेली होती का, त्या वेळी घरात कोण-कोण होतं, झोप कशी चालली आहे, नवीन औषध सुरू झालंय का, हे विचारा. घरात नुकतंच कुणी वारलं असेल तर तो विषय त्यांनी काढेपर्यंत थांबा.

‘रात्री छातीवर येऊन बसतं, हलता येत नाही, ओरडता येत नाही’ हे वर्णन कितीतरी घरांत ऐकायला मिळतं. हा बहुधा झोपेतला लकवा असतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून मोकळे होतात. त्या काही सेकंदांत किंवा मिनिटा-दोन मिनिटांत खोलीत कुणी असल्याचा भास आणि छातीवर दाब, दोन्ही येऊ शकतात. अपुरी झोप, पाळ्यांची नोकरी आणि उताणं झोपणं यांनी तो वाढतो. सांगणाऱ्याला हे नीट समजावून सांगा. बरेच जण पहिल्यांदाच सुटकेचा श्वास टाकतात, कारण आपल्याला वेड लागतंय अशी भीती ते वर्षानुवर्षं मनात घेऊन असतात.

दिवसा जायची काय गरज?

दिवसा न पाहिलेल्या जागेत रात्री पाऊल टाकू नका. विहिरीचा कठडा, कुजलेली फळी, लोंबती वायर, सगळं उजेडातच बघून ठेवायचं. कोकणात फुरसं आणि विंचू, देशावर घोणस, आणि मण्यार तर दोन्हीकडे. मण्यार रात्रीच बाहेर पडते. बंद बूट, जाड पँट, आणि दगड-लाकडाच्या फटीत हात घालायचा नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका, लेप्टोचा धोका असतो. सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं आणि मोबाइलला रेंज कुठे मिळते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२.

मग घराचा नकाशा काढा. दारं-खिडक्या, मीटरची पेटी, पंप, इन्व्हर्टर, फ्रीज, पाण्याची टाकी, शेजारचं झाड, रस्त्याची दिशा. अनुभव आलेली प्रत्येक जागा नकाशावर खुणेने दाखवा. एकाच कोपऱ्यात चार खुणा पडल्या तर तो कोपरा काय सांगतो ते बघा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात आणि एडिंबरातल्या तळघरांत शेकडो लोकांच्या नोंदी घेतल्या आणि २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचित्र अनुभव सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते, ठरावीक जागीच दाटीने येत होते, आणि उजेड व चुंबकीय क्षेत्रातले चढउतार अशा त्या जागांच्या भौतिक गोष्टींशी त्यांचा संबंध दिसत होता.

राजापूर तालुक्यातल्या एका कौलारू घरातलं काम इथे सविस्तर सांगतो. घरातल्या काकूंची खात्री होती की रात्री माळ्यावर त्यांचे कैलासवासी सासरे फेऱ्या घालतात. ‘मामंजींना झोप कमीच होती,’ त्या म्हणाल्या. मी विचारलं, ‘काकू, पावलं कुठून कुठे जातात?’ त्या म्हणाल्या, ‘ओटीकडून माजघरावर येतात, मागच्या पडवीकडे जातात. परत मात्र येत नाहीत.’ परत येत नाहीत, हे शब्द वहीत खाली रेघ मारून लिहिले. फेऱ्या घालणारा माणूस परत येईल. रोज एका वाटेने बाहेर पडणारं जनावर दुसऱ्या वाटेने घरी येऊ शकतं. दिवसा शिडी लावून माळ्यावर गेलो. धुळीत एक पट्टा अगदी स्वच्छ झालेला, रोजच्या ये-जा करण्याने पुसल्यासारखा. मागच्या भिंतीच्या माथ्यावर वाळलेली विष्ठा आणि तिच्यात भेरली माडाच्या बिया. संध्याकाळी त्या पट्ट्यावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं. सकाळी पिठात पाच बोटांचे ठसे उमटले होते, मांजरापेक्षा लांबट. कांडेचोर, म्हणजे उदमांजर. दिवसभर माळ्यावर झोपतं आणि रात्री फळं खायला बाहेर पडतं.

काकूंना हे कसं सांगायचं यावर त्या दिवशी जास्त विचार केला. काही घरांना ते भूत नको असतं, काहींना हवं असतं. आम्ही ठसे दाखवले आणि पावलं या जनावराची आहेत एवढंच सांगितलं. सासरे तिथे आहेत की नाहीत यावर बोललो नाही, कारण ते आम्ही तपासलंच नव्हतं.

कुठली उपकरणं घ्यावीत?

आधी वही, पेन आणि मिनिटाला मिनिट जुळवलेली घड्याळं. त्यानंतर दोन टॉर्च, मोजपट्टी, खडू, पांढरा दोरा, तांदळाचं पीठ, तापमान व आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र, अगरबत्तीचा पुडा आणि आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र. यादी नवी नाही. हॅरी प्राइस या इंग्रज तपासनिसाने १९३७ मध्ये बोर्ली रेक्टरी हे घर वर्षभर भाड्याने घेतलं, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक जमवले आणि त्यांच्या हातात छापील सूचना दिल्या. त्याच्या पेटीतही मोजपट्टी, दोरा, पावडर आणि थर्मामीटर होते. पुढे प्राइसच्या नोंदींवर गंभीर आक्षेप घेतले गेले. सूचना उत्तम, नोंदी वादग्रस्त, आणि म्हणून सगळं काम वादग्रस्त.

अगरबत्ती वारा पकडायला. ‘या कोपऱ्यात अचानक गार लागतं’ म्हणाले की तिथे अगरबत्ती लावा आणि धूर कुठे वळतो ते बघा. दाराखालची फट, फुटलेलं कौल, जिन्यावरून उतरणारी गार हवा, काही क्षणांत कळतं. बंदुकीसारखा रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी घेऊ नका. तो भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, हवेचं नाही.

दिव्यांच्या रांगेचं जे ‘के-टू’ मीटर व्हिडिओंत दिसतं, ते विजेच्या प्रवाहाभोवती तयार होणारं बदलतं चुंबकीय क्षेत्र दाखवतं. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे भिंतीतल्या वायरजवळ, पंपाजवळ, इन्व्हर्टरजवळ ते लुकलुकणारच. जवळच्या मोबाइलनेही लुकलुकतं. आधीच घेतलं असेल तर एक उपयोग आहे: दिवसा सगळ्या खोल्यांत किती दिवे लागतात ते नोंदवा, मेन स्विच बंद करून पुन्हा नोंदवा. वीज बंद केल्यावर दिवे विझले तर ते क्षेत्र घरातल्याच विजेचं, आणि वायरिंगबद्दल शंका वाटली तर इलेक्ट्रिशियन बोलवा. भुतासाठी म्हणून मात्र त्यावर पैसे घालू नका. रेडिओची स्टेशनं भराभर बदलत शब्दांचे तुकडे ऐकवणारा ‘स्पिरिट बॉक्स’ तर मी हातीही घेत नाही. रेडिओवर माणसं बोलत असतात, तेव्हा शब्द येणारच.

रात्रच का, आणि अमावास्याच का?

दोन्हींची सक्ती नाही. ज्या वेळी अनुभव येतात ती वेळ गाठायची. लोक भर दुपारी बाराची वेळ सांगत असतील तर दुपारी बाराला बसा. तिन्हीसांजा सांगत असतील तर तेव्हा. फक्त अमावास्येला गेलात तर इतर तिथींना तिथे काय होतं हे कधीच कळणार नाही, आणि तुलनेशिवाय नोंदीला किंमत नाही.

किमान तिघं, जास्तीत जास्त पाच जण. एकट्याने कुठेही जायचं नाही. दारू नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर, एक चालू फोन घराबाहेरच्या माणसाकडे. प्रत्येकाची जागा नकाशावर ठरलेली, आणि जागा बदलली की वेळेसकट नोंद. काही ऐकू आलं तर लगेच ‘ऐकलंत का?’ विचारू नका. आधी प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहायचं, मग वह्या जुळवायच्या. या एका शिस्तीने तपासाचा दर्जा कुठल्याही मीटरपेक्षा जास्त सुधारतो.

भीती वाटेल. अंधारात तासभर गप्प बसलं की निरोगी माणसाच्याही अंगावर काटा येतो, कानात आवाज येतात, डोळ्यांच्या कडेला काही हलतं. ‘थांबूया’ असं कुणीही म्हणू शकतो आणि कारण विचारायचं नाही, हा नियम आधीच सगळ्यांना सांगा. बाहेर या, पाणी प्या, काहीतरी खा. पुन्हा आत जायचं की नाही हे ज्याने थांबवलं त्याने ठरवायचं.

रात्रीचे नेहमीचे आवाज आधी ओळखून ठेवा. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे रात्री गार होताना कडकड करतात. गव्हाणी घुबडाची किंकाळी पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच, आणि ते पांढरं पोट घेऊन टॉर्चच्या उजेडातून आवाज न करता उडालं तर आणखीच. सह्याद्रीत पावसाळ्यात कुजकी लाकडं हिरवट चमकतात, भीमाशंकरच्या जंगलात हे बघायला लोक मुद्दाम जातात. तो बुरशीचा उजेड असतो.

रेकॉर्डिंग आणि फोटोंत काही सापडलं तर?

फ्रीडरिख युर्गेन्सन या स्वीडनमधल्या चित्रकाराने १९५९ मध्ये पक्ष्यांचे आवाज टेप केले आणि त्यात त्याला माणसांचे आवाज ऐकू आले. तेव्हापासून रेकॉर्डिंगमधले ‘आत्म्यांचे आवाज’ हा प्रकार चालत आला आहे. मेंदूला अस्पष्ट आवाजात शब्द शोधायची सवयच असते, आणि कुठला शब्द ऐकायचा ते आधी सांगितलं तर तो हमखास ऐकू येतो.

म्हणून दोन गोष्टी करा. रेकॉर्डिंग चालू असताना आपला प्रत्येक आवाज मोठ्याने नोंदवा: ‘मी खोकलो’, ‘बाहेरून गाडी गेली’, ‘पोट वाजलं’. हळू आवाजात कुणी कुजबुजायचं नाही. दुसरं, संशयास्पद वाटलेले पाच तुकडे घ्या आणि स्वतःच्या घरी रात्री तशाच यंत्रावर केलेल्या रेकॉर्डिंगचे पाच तुकडे त्यांत मिसळा. कुठला कुठून आला हे न सांगता तिघांना वेगवेगळं ऐकवा आणि ऐकू आलं ते लिहून घ्या. तिघांनी तीन वेगळी वाक्यं लिहिली किंवा तुमच्या घरच्या तुकड्यांतही ‘आवाज’ सापडले, तर उत्तर मिळालं. ही चाचणी एका संध्याकाळचं काम आहे, तरी करणारे फार थोडे.

फोटोतले गोल प्रकाशबिंदू म्हणजे फ्लॅशजवळून उडणारी धूळ, पावसाचा थेंब किंवा किडा. मोबाइलच्या नाइट मोडमध्ये कॅमेरा काही सेकंद प्रकाश गोळा करतो, तेवढ्यात समोरून गेलेला माणूस अर्धपारदर्शक दिसतो. सीसीटीव्हीवर रात्री तरंगणारी पांढरी आकृती बहुतेक वेळा भिंगासमोरच्या कोळ्याची किंवा जाळ्याची असते. कॅमेऱ्याची काच पुसा आणि पुढच्या रात्री पुन्हा बघा.

जागेमुळेच माणसाला भास होऊ शकतात का?

होय, आणि कधी त्यात जीव जाऊ शकतो. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका कुटुंबाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. घरात पावलं ऐकू येत, आकृती दिसत, सगळ्यांना डोकेदुखी आणि थकवा. कारण निघालं बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड. आपल्याकडे हा वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून, बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून आणि आत ठेवलेल्या जनरेटरमधून येतो. त्याला वास नसतो. एकाच घरातल्या दोघा-तिघांना डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असेल आणि बाहेर पडल्यावर बरं वाटत असेल, तर तपास तिथेच थांबवा. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात पाठवा. या वायूचा इशारा देणारं यंत्र बाजारात मिळतं, आणि मीटरचे पैसे मी त्यावर घालायला सांगेन.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं. व्हिक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटायचं, एकदा नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्यांनी पाहिलं. शोध घेतला तेव्हा नव्या एक्झॉस्ट पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला जवळजवळ ऐकू न येणारा आवाज भरत होता. पंख्याची व्यवस्था बदलल्यावर तो त्रास थांबला. हा लेख १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या प्रयोगांत अशा आवाजाचा परिणाम दर वेळी दिसला नाही, म्हणून याला सगळ्या घरांचं उत्तर मानू नका. पंखे, पंप, कंप्रेसर एकेक करून बंद करून बघणं मात्र फुकट आहे.

कुणाला ‘बाधा’ झाली आहे असं घरचे म्हणाले तर?

तिथे तपास संपला. उतारा, अंगारा, प्रश्नोत्तरं, काहीही करायचं नाही आणि करणाऱ्याला बोलवायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, अघोरी उपाय करणं, एखाद्यावर करणी किंवा जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचं जगणं कठीण करणं, याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तपासात कुणाचंही नाव ‘यानेच केलं’ म्हणून पुढे आलं, विशेषतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं, तर ते वहीतही लिहू नका आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत थांबवा. त्रास होत असलेल्या माणसासाठी डॉक्टर किंवा १४४१६ ही टेलि-मानसची मोफत हेल्पलाइन सुचवा.

पैसे घ्यायचे का, असंही विचारतात. घेऊ नका. घाबरलेल्या घराकडून पैसे घेतले की ‘काही सापडलं नाही’ म्हणणं जड जातं.

शेवटी घरच्यांना काय द्यायचं?

दोन-तीन पानांचा लेखी अहवाल. कधी गेलो, कोण होतो, काय मोजलं, काय ऐकलं, कशाचं कारण सापडलं, कशाचं नाही. ज्याचं कारण सापडलं नाही त्यापुढे ‘कारण सापडलं नाही’ एवढंच लिहा, ‘भूत आहे’ लिहू नका. दुसरं कुठलंच स्पष्टीकरण उरत नाही अशी एकही नोंद माझ्या पाहण्यात आलेली नाही, पण कारण न सापडलेल्या नोंदी आहेत आणि त्या मी जपून ठेवल्या आहेत. घरच्यांच्या संमतीशिवाय व्हिडिओ किंवा पत्ता कुठेही टाकू नका. एकदा घराचं नाव झालं की ते विकताना आणि मुलांची लग्नं जमवताना त्या कुटुंबालाच भोगावं लागतं.

महिन्याभराने फोन करा. सांगितलेली दुरुस्ती केली का, आवाज थांबला का, झोप लागते का, हे विचारा आणि उत्तर त्याच वहीत तारखेसकट लिहा. आवाज थांबला नसेल तर पुढच्या भेटीची तारीख तेव्हाच ठरवा.